पोस्टमास्तर वर शिरतोय

कासारओढ्याला एक भोळा जावई राहायचा. म्हणजे जावई तो नांदुकीचा. कासारओढ्यात तो नुसताच भोळा होता. नाव सोपान.

सोपान तालुक्याला बागवानशेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. अकरा वर्षं झाली. खोकी उतरवायची, खोकी चढवायची, फडक्यानं धूळ पुसायची. कॉम्प्युटर उचलावा कसा, हे त्याच्याइतकं तालुक्यात कोणाला येत नव्हतं. चालू कसा करावा, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कोणाला विचारलं नव्हतं.

पण त्याचे सासरे, यशवंतराव चौगुले, निवृत्त पोस्टमास्तर, नांदुकीच्या पारावर बसून सांगायचे, "आमचे जावई कॉम्प्युटरमध्ये असतात."

ऐकणारे माना डोलवायचे. माणूस कॉम्प्युटरमध्ये मावतो कसा, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

सोपानची बायको सारिका. तिला सगळं ठाऊक होतं. पण लग्नाला तीन वर्षं झाली तरी बापाला सांगायचं तिच्या जिवावर येत होतं. बाप एवढा खूश, कशाला उगीच?

आणि मग नांदुकीहून निरोप आला. "जावईबापूंना ताबडतोब पाठवा. घरातले दोन कॉम्प्युटर भांडायला लागलेत."

सोपान म्हणाला, "मारामारी झाली असली तर सोडवीन. दोन्ही एकदम उचलतो मी."

सारिका म्हणाली, "अहो, तिथं आपल्या मनानं काही करू नका. शेठना फोन करा आणि ते सांगतील तेवढंच करा."

"आलं ध्यानात," सोपान म्हणाला.

सोपानच्या ध्यानात एखादी गोष्ट एकदा आली की मग ती जात नसे. खरी अडचण तीच होती.

नांदुकीच्या घरात कॉम्प्युटर दोन. एक खाली सोप्यात, मास्तरांचा. त्यावर ते वर्तमानपत्राला पत्रं लिहायचे. दुसरा वर माडीवर, सारिकाच्या भावाचा, रणजितचा. रणजित घरी बसून बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम करायचा. गेला महिनाभर दर दहा मिनिटांनी त्याचा कॉम्प्युटर 'टिंग' करायचा आणि पडद्यावर तांबडी पाटी यायची.

रणजितनं ती सोपानला दाखवली. "हे बघा दाजी."

पाटीवर लिहिलं होतं, 'पोस्टमास्तर आपल्या संगणकात शिरण्याचा प्रयत्न करीत आहे. प्रयत्न अडवला.'

"दिवसातनं शंभर वेळा," रणजित म्हणाला. "कंपनीला पण कळतंय. त्यांचं म्हणणं, तुमचं घर धोक्याचं आहे. शनिवारच्या आत हे थांबलं नाही तर घरचं काम बंद. सरळ बेंगळुरूला या म्हणतात."

दारात सासूबाई उभ्या होत्या, इंदूबाई. त्यांनी पदर डोळ्याला लावला. "लेक दिली, घर निम्मं झालं. आता पोरगंही गेलं तर आम्ही दोघांनी भिंतींशी बोलायचं का? जावईबापू, आता तुमच्यावरच हाय सगळं."

सोपानला वाईट वाटलं. त्यानं पाटी पुन्हा एकदा वाचली. पोस्टमास्तर शिरतोय. घरात पोस्टमास्तर एकच होते.

तो खाली गेला. मास्तर आरामखुर्चीत पेपर वाचत होते. सोपाननं समोर स्टूल ठेवलं आणि त्यांच्याकडे टक लावून बसला.

मास्तर म्हणाले, "काय जावईबापू?"

"काही नाही मामा. चालू द्या तुमचं."

मास्तर उठले, सोपान उठला. मास्तर परसात गेले, सोपान परसात गेला. मास्तर संडासात गेले. सोपान बाहेर उभा राहून म्हणाला, "मामा, आतच आहात ना?"

"आता कुठं जाणार?" आतून आवाज आला.

तेवढ्यात माडीवर टिंग झालं. सोपान चक्रावला. मामा तर आत, आणि कडी तर लागलेली. त्यानं बागवानशेठना फोन लावला.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे, खालच्या कॉम्प्युटरचं नाव पोस्टमास्तर असेल! तो कॉम्प्युटर वरच्याशी जोडायला बघतोय. सासऱ्याच्या मागं काय लागलास? हे बघ सोपान, माणसाकडं बघायचं नाही. यंत्राकडं बघायचं."

"आलं ध्यानात," सोपान म्हणाला.

तो स्वयंपाकघरात आला. इंदूबाईंनी शेगडीवर दुधाचं पातेलं चढवलं होतं. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मी शेजारनं कोथिंबीर घेऊन येते. तेवढं दुधाकडं बघा."

दूध काही माणूस नव्हतं. पण यंत्रही नव्हतं. सोपाननं विचार केला. यंत्र कुठलं? शेगडी. तो वाकून शेगडीकडे बघत बसला. ज्योत निळी होती. बटण जागेवर होतं. नळी ठीक होती. दूध वर आलं, काठावर आलं, काठावरून खाली आलं, शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून सोपानच्या पायावर. पाय भाजला तसा तो एक पाऊल मागं सरला आणि तिथून बघत राहिला.

इंदूबाई परत आल्या आणि त्यांनी 'अगं आई गं' केलं.

सोपान म्हणाला, "शेगडीला काही झालेलं नाही मामी. मी नजर हलवली नाही."

इंदूबाईंना वाटलं, कॉम्प्युटरच्या माणसांची तब्येतच निराळी असते. त्या ओटा पुसायला लागल्या. सोपाननं मात्र शेठना फोन केला. शेठनी सांगितलं होतं तसंच केलं, तरी दूध गेलं ते गेलंच.

शेठनी कपाळावर हात मारला. फोनमधून तो दिसला नाही, पण आवाज आला.

"अरे माझ्या राजा, डोळ्यादेखत गडबड चाललेली दिसली तर बघत बसायचं नसतं! झटक्यात बंद करायचं. आधी बंद, मग बाकीचं."

"आलं ध्यानात," सोपान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रणजितची कंपनीशी बैठक होती. पडद्यावर बेंगळुरूचे सात-आठ जण चौकोनाचौकोनात बसले होते. रणजित सकाळपासून आरशासमोर उभा राहून मनातल्या मनात बोलत होता. आज तो साहेबांना विनवणार होता, की आई-वडील थकलेत, मला घरूनच काम करू द्या. इंदूबाईंनी देवापुढं दिवा लावला होता. मास्तरांनी त्या दिवसापुरतं पारावर जायचं रद्द केलं होतं.

सोपान माडीच्या दारात उभा होता. साहेब मोठ्यानं बोलत होता. एक बाई त्याच्याहून मोठ्यानं बोलत होती. कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. रणजितला घाम फुटला होता.

"सर, मला फक्त दोन मिनिटं द्या," रणजित म्हणाला. "माझी आई..."

सोपानला गडबड स्पष्ट दिसत होती. तो धाडधाड खाली गेला आणि त्यानं घराचा मेन स्विच खाली ओढला.

माडीवर एकदम शांतता झाली. पंखासुद्धा थांबला. सोपानला फार बरं वाटलं.

रणजित वरून धावत आला. "दाजी! लाइट गेली का?"

"गेली नाही. मी घालवली. कुत्रा पण गप्प झाला बघ."

रणजित जागीच मटकन बसला. सख्ख्या बहिणीचा नवरा, त्यातून कॉम्प्युटरमधला माणूस. बोलणार काय?

दुपारी कंपनीचं पत्र आलं. 'आपण बैठक अर्ध्यात सोडून निघून गेलात. आमचे अधिकारी श्री. सबनीस शनिवारी घराची तपासणी करण्यास येतील. त्यांच्या अहवालावर निर्णय होईल.'

इंदूबाई जेवल्या नाहीत. त्यांनी रणजितची जुनी बॅग माळ्यावरून काढली, झटकली, आणि परत माळ्यावर ठेवली. ते बघून सोपानला पण घास गिळेना. त्यानं ताट सारलं आणि शेठना फोन लावला.

"शेठ, बंद केलं. तर उलट तपासणी लागली."

"काय बंद केलंस?"

"सगळं."

शेठ लहान पोराला समजावावं तसं सावकाश बोलले. "सोपान, सरसकट बंद नसतं करायचं रे. आपली यादी ठेवायची. जो येईल त्याला विचारायचं, तू कोण, कुठनं आलास. नाव यादीत असलं तर सोडायचा, नसलं तर अडवायचा. मग तो कितीही सांगू दे. ह्यालाच फायरवॉल म्हणतात. कळलं?"

"आलं ध्यानात. आतापर्यंत हेच राहिलं होतं बघा."

सोपाननं वही घेतली. आणि गावात कोणकोण ओळखीचं आहे ते लिहून काढलं. मामा, मामी, रणजित, सारिका. दूध घालणारी शेवंता. गवंडी आनंदाअण्णा. समोरच्या घराचा कुत्रा, नाव वाघ्या. यादी चांगली पानभर झाली.

शनिवारी सकाळी तो वही मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला. सारिकाही त्याच दिवशी कासारओढ्याहून येणार होती.

पहिला वाघ्या आला. सोपाननं वही बघितली. नाव होतं. वाघ्या आत गेला. इंदूबाईंनी साहेबांसाठी केलेल्या पुरणपोळ्या देवघराजवळ झाकून ठेवल्या होत्या. वाघ्यानं झाकण काढलं.

मग जीप आली. त्यातून एक गृहस्थ उतरले. हातात बॅग, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो.

"रणजित चौगुले इथंच राहतात ना?"

"नाव?" सोपान म्हणाला.

"सबनीस."

सोपाननं 'स' पाहिला. सारिका होती. सबनीस नव्हते. "यादीत नाही."

"अहो, मी बेंगळुरूहून आलोय."

"बेंगळुरूपण यादीत नाही."

"रणजित माझी वाट बघतोय."

"रणजित यादीत आहे. तो आला तर सोडीन."

सबनीसांनी गळ्यातला फोटो पुढं केला. सोपाननं फोटोकडे बघितलं, सबनीसांकडे बघितलं. दोघंही यादीत नव्हते. तेवढ्यात वाघ्या तोंडात अर्धी पुरणपोळी घेऊन बाहेर आला, दोघांच्या मधून निघून गेला.

"आणि हा?" सबनीस म्हणाले.

"हा घरचा आहे."

पाऊण तास सबनीससाहेब अंगणात उन्हात उभे होते. रणजित माडीवर कानाला यंत्र लावून बसलेला, मास्तर आणि इंदूबाई मागं परसात, कोणालाच पत्ता नाही. शेवटी सारिका स्टॅंडवरून चालत आली, तेव्हा तिनं हा प्रकार पाहिला. सबनीसांना हात जोडले, सोपानच्या हातातली वही काढून घेतली आणि साहेबांना आत नेलं.

मास्तरांना हा सगळा प्रकार कळला. त्यांनी सोपानला बाजूला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ते जावयावर आवाज चढवून बोलले.

"जावईबापू, हा कंपनीचा मोठा माणूस. माझ्या पोराचं घर सुटायची वेळ आलीय. आता त्यांनी काही सांगितलं तर 'का' म्हणून विचारायचं नाही. सांगितलं की करायचं. आणि अर्धवट नाही, पुरतं करायचं!"

"आलं ध्यानात," सोपान म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ह्या वेळी चुकायचं नाही, असं त्यानं मनाशी अगदी पक्कं केलं.

सबनीससाहेब कामाचे पक्के होते. राग बाजूला ठेवून ते मास्तरांच्या कॉम्प्युटरसमोर बसले. पाच मिनिटांत हसले.

"अहो, काही नाही हे. वरच्या कॉम्प्युटरला पूर्वी प्रिंटर होता का?"

"होता," मास्तर म्हणाले. "पत्रं छापायला खालनं वापरायचो मी. महिन्यापूर्वी शाळेला देऊन टाकला."

"प्रिंटर गेला, पण ह्याच्या यादीत त्याचं नाव राहिलं. म्हणून हा दर दहा मिनिटांनी वर जाऊन विचारतो, प्रिंटर आहे का? वरचा म्हणतो, चोर आला. नाव पुसलं की संपलं. आधी वरची खात्री करून घेऊ."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. साहेब माडीवर गेले. मागोमाग रणजित गेला. चहा घेऊन इंदूबाई गेल्या. वाघ्यानं ठेवलेल्या दोन पोळ्या घेऊन सारिका गेली. आणि कौतुक बघायला मास्तर गेले. खाली सोपान एकटा.

वरून साहेबांचा आवाज आला. "अहो जावईबापू, वरच्या आणि खालच्यातली जोडणी जरा काढून टाका! टिंग थांबतंय का बघू."

भिंतीवरून एक निळी वायर वर गेली होती. सोपाननं ती पाहिलीसुद्धा. पण वायर केवढी, करंगळीएवढी. तिच्यावरून कोण वर जाणार? वरचं आणि खालचं जोडणारं मोठं काय होतं? जिना होता. आत्ताच पाच जण त्याच्या डोळ्यासमोर त्यावरून गेले होते.

'का' म्हणून विचारायचं नव्हतं. त्यानं मास्तरांच्या पेटीतून पाना आणि हातोडी घेतली.

जिना सागवानी होता, पण सोपानचे हात अकरा वर्षं खोकी उचललेले. वरचे दोन बोल्ट काढले. जिना भिंतीपासून सुटला. अर्धवट नाही, पुरतं करायचं होतं. म्हणून त्यानं एकेक पायरी ठोकून वेगळी केली, अंगणात नेली आणि एकावर एक नीट रचली. अकरा भरल्या. खिळे वेगळे ठेवले, कोणाच्या पायात जायला नकोत म्हणून.

वर चहा पिता पिता साहेब म्हणाले, "बराच वेळ लागतोय. आवाज पण फार येतोय."

"आमचे जावई काम बारकाईनं करतात," मास्तर म्हणाले, उठले, आणि जिन्याच्या तोंडाशी गेले. मग तिथंच थांबले.

"काय झालं हो?" इंदूबाईंनी विचारलं.

मास्तरांनी खाली पाहिलं. खाली सोपान घाम पुसत उभा होता. मास्तर हळूच म्हणाले, "सोपान म्हणजे जिना. नावाला तरी जागायचं, जावईबापू."

"काढली मामा," सोपान खालून म्हणाला. "पुरती काढली."

टिंग.

सारिकानं भिंतीला डोकं टेकलं. साहेबांची तीनची गाडी होती. सुताराला फोन केला, तर तो पाहुण्यांच्या गावी गेलेला, सोमवारी येणार. साहेब थोडा वेळ खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. मग त्यांनी बॅगेतून कंपनीचा छापील कागद काढला. त्यात चाळीस प्रश्न होते. काम तर काम.

पहिलाच प्रश्न होता, 'खालच्या मजल्यावरून परकी व्यक्ती संगणकापर्यंत पोहोचू शकते काय?'

साहेबांनी जिन्याच्या जागेकडे पाहिलं आणि लिहिलं, 'नाही.'

'घरातील व्यक्ती पोहोचू शकते काय?' 'नाही.'

'अनोळखी माणसास दारात अडवले जाते काय?' साहेबांनी घामानं ओली झालेली कॉलर चाचपली. 'होय. कडकपणे.'

'धोका दिसताच वीजपुरवठा तोडण्याची सोय आहे काय?' रणजित खाली मान घालून म्हणाला, "आहे सर."

चाळीसपैकी एकोणचाळीस बरोबर आले. कंपनीच्या स्वतःच्या कचेरीला गेल्या वर्षी सव्वीस मिळाले होते. साहेबांनी तिथूनच अहवाल पाठवून दिला, आणि दहा मिनिटांत उत्तर आलं. 'अतिसुरक्षित घर. श्री. चौगुले यांनी घरूनच काम करावे.'

रणजितनं आईच्या पायाला हात लावला. इंदूबाई रडल्या, पण ह्या वेळी हसत हसत. मास्तर छाती काढून म्हणाले, "मी पारावर सांगतच होतो." सारिकानं नुसतं खिडकीतून खाली नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, चला, आजचा दिवस निभावला.

प्रिंटरचं नाव पुसायचं राहिलं होतं. साहेब म्हणाले, खाली उतरलो की जाता जाता पुसतो, एका मिनिटाचं काम.

उतरवायचं कसं? शेजारचा गवंडी आनंदाअण्णा धावत आला. त्यानं आपली लांबलचक शिडी आणली आणि अंगणातून माडीच्या खिडकीला लावली. "जावईबापू, घट्ट धरा," म्हणाला आणि टेकू द्यायला दगड आणायला गेला.

सोपाननं शिडी घट्ट धरली. वर खिडकीत साहेब आले. एक पाय त्यांनी बाहेर काढला. मास्तरांनी त्यांचा दंड धरला, रणजितनं बॅग धरली. साहेबांचा पाय शिडीची पहिली पायरी चाचपू लागला.

आणि माडीवर टिंग झालं.

सोपाननं वर बघितलं. खाली बघितलं. जिना तर अंगणात रचलेला होता, अकराच्या अकरा पायऱ्या. मग हा अजून वर जातोय कुठून? त्याची नजर हातातल्या शिडीवर गेली. खालून सरळ वर, थेट खिडकीत.

"घावला!" सोपान ओरडला. "साहेब, घावला! हिकडनं जातोय व्हय!"

त्यानं शिडी झटक्यात काढून घेतली, अंगणात आडवी केली, आणि वर, खिडकीच्या चौकटीवर घोड्यासारखे बसलेल्या साहेबांना म्हणाला,

"आता दहा मिनिटं हलू नका साहेब. टिंग होतंय का ऐका."